सूप

दर सप्टेंबरात, शाळा उघडायच्या आधी
कालिरोई त्याला घेऊन येते.
वरच्या गावाहून चाळीस मिनिटांची बस,
वळणावळणांवर मळमळ,
आणि माझ्यासाठी फडक्यात बांधलेलं चीज.

नाक्सोसच्या या बेटावर काही घरांत
मूल जन्मलं की आधी केस बघतात.
सरळ असले तर कुणी काही बोलत नाही.
कोकरासारखे कुरळे असले
तरीही कुणी काही बोलत नाही.
मग मूल रांगू लागतं
आणि तळहात राठ होत जातात.

स्तामातीच्या बापाचे हात कुरुंदाच्या खाणीने तसे केले.
खाण बंद पडली, हात राहिले.
पोराचे पाहून म्हणाला होता, माझ्यावर गेलाय.
हात दाखवून अवलक्षण
इतकं शब्दशः मी दुसरीकडे पाहिलं नाही.

डाव्या कुशीवर. त्याला पाठ आहे.
जेल गार आहे अशी तक्रार नाही आता,
चौदा पूर्ण झाली.
बरगड्यांच्या फटीत मी प्रोब टेकवते
आणि पडद्यावर सूप उघडतं,
वर निमुळतं, खाली रुंद,
राखाडी ठिपके पाखडत राहिलेलं.
दाणा कुठला, फोल कुठलं, ते मी बघायचं.

डावी बाजू दणकट. झडपा लगबगीच्या, ठीक.
इथे "श्वास थांबव" म्हणायचं असतं,
पण आमच्या भाषेत थांब म्हटलं
की त्याचं नावच घेतल्यासारखं होतं.
मामा सतराव्या वर्षी गेला, मैदानात, चेंडू पायाशी असताना.
त्यानंतर घरात जन्मलेलं हे पहिलं मूल,
म्हणून हे नाव: पुरे, आता थांब.
कुणाला बजावलं होतं
तेवढं सांगायचं राहिलं.

उजवा कप्पा.
मापाची रेघ ओढते. पुसते. पुन्हा ओढते.
गेल्या वर्षी झडपेची कड चोवीस मिलिमीटर उचलली जायची,
यंदा सोळा.
आणि टोकाजवळ, बोटाच्या पेराएवढा एक तुकडा:
सगळी भिंत आत येते तेव्हा हा बाहेर जातो,
रांगेत उलट्या तोंडाने उभ्या पोरासारखा.
स्नायूच्या जागी तिथे चरबी भरत असेल.
ती मला दिसत नाही.
मला फक्त त्याचं न ऐकणं दिसतं.

काळीज सुपाएवढं झालं, असं लोक आनंदाने म्हणतात.
मी मिलिमीटरांत लिहिते.

कालिरोई पडद्याकडे बघत नाही,
माझ्या भुवयांकडे बघते.
अकरा वर्षांत तिला त्या वाचता येऊ लागल्यात.
म्हणून मी प्रोब तिथेच धरून ठेवते,
अजून काही शोधत असल्यासारखी.

"गोलकीपर चालेल?" तो भिंतीला विचारतो.
"त्याला फारसं पळावं लागत नाही."

डॉक्टर सांगतील, मी म्हणते.
डॉक्टर पिरेउसला.
तीन दिवस वारा असा सुटलाय की बोट सुटत नाही.
तिकडे गळ्याच्या हाडाखाली डबी बसवतात,
ठोका भलतीकडे धावला तर झटका देणारी.
हे मी म्हणत नाही.

कोपऱ्यातल्या स्टुलावर अर्गिरो, धाकटी,
कंबरेपर्यंत सरळ केस.
लहानपणी दादासारखे कुरळे व्हावेत म्हणून
ओल्या वेण्या घालून झोपायची.
"माझंही दाखव ना."
गरज नाही म्हणायला मी तोंड उघडलं,
आई म्हणाली, दाखव.

दोन मिनिटं.
नेटकी मूठ, मिटते, उघडते, मिटते.
स्तामाती छाती पुसत उठून बसला होता.
"हिचं बघ, कवायत चाललीय."
कुणी हसलं नाही, म्हणून तोच हसला.

पायऱ्या त्याने एकेक करून उतरल्या, आईच्या देखत.
कोपऱ्यावर तिघं दिसेनाशी झाली
आणि मग दगडी गल्लीतून पळत्या बुटांचा आवाज,
दोघांपैकी कुणाचा, कळलं नाही.

चीज तसंच टेबलावर.
खिडकी लावायची सोडून
मी मोजत राहिले.